चढणीआधीची गोळी

आबा,

तुम्ही माझ्या दवाखान्यातून शेवटचे बाहेर पडलात तेव्हा मी तुमच्याकडे पाठ करून उभी होते. कपाटातल्या बाटल्या सरळ लावत होते. त्या सरळच होत्या. तुम्ही उंबऱ्याशी थांबलात हे मला वहाणांच्या आवाजावरून कळलं. मग नेहमीसारखं म्हणालात, "येतो बाई." मी उत्तर दिलं नाही. वहाणा अंगणातून गेल्या, फाटक वाजलं, आणि मग मी वळले.

त्याला आज दोन आठवडे झाले. आज पुन्हा गुरुवार आहे. सकाळपासून बारा रोगी झाले. खोकले, हिवताप, एक भाजलेला हात. शेवटची बाई गेल्यावर मी दार ओढून घेतलं आणि लिहायला बसले. हे कुणाला दाखवायचं नाही. तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय आणि मला दुसऱ्या कुणाशी ते पुरं करता येणार नाही, एवढंच.

आपलं बोलणं मुळात लशीमुळे सुरू झालं. तुम्ही लोकल बोर्डाचे देवी-डॉक्टर. अख्ख्या मावळात पोरांच्या दंडावर देवी काढत फिरायचं, आठव्या दिवशी परत जाऊन त्या फुलल्या का बघायचं, हे तुमचं काम. लशीच्या बारीक काचेच्या नळ्या गुरुवारच्या गाडीनं लोणावळ्याला यायच्या. लोणावळ्याची हवा थंड, माझ्या दवाखान्याची मागची खोली त्याहून थंड. म्हणून तुम्ही त्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या माठाशेजारी ठेवायची परवानगी मागितलीत. तेव्हा मला इथं येऊन चार महिने झाले होते. एकटी बाई, पुण्याहून शिकून आलेली, नावापुढे डॉक्टर लावते. लोक फाटकापर्यंत यायचे, पाटी वाचायचे आणि परत जायचे. तुम्ही चारही बाजूंना नजर फिरवलीत आणि विचारलंत, "रोगी कुटं हायती बाई?"

मी म्हटलं, "येत नाहीत."

पुढच्या गुरुवारी काशीबाईंना घेऊन आलात. तुमच्या बायकोच्या काखेत गळू झालं होतं. मी ते फोडलं, धुतलं, पट्टी बांधली. काशीबाईंनी हूं की चूं केलं नाही. आणि मग त्या परंदवडीपासून सोमाटण्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटल्या की लोणावळ्याला एक बाई आहे, तिचा हात हलका आहे. माझा दवाखाना त्या गळवावर उभा राहिला, आबा. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं मला दर गुरुवारी वाटायचं, आणि दर गुरुवारी आपण काहीतरी वेगळ्याच गोष्टीवरून भांडायला लागायचो.

बहुतेक वेळा देवीवरूनच. तुम्ही वाडीवर गेलात की सांगायचात, "देवीला मानानं बोलवाया आलोय, म्हंजे ती रागानं यायची न्हाई." मी चिडायचे. म्हणायचे, हा रोग आहे, ही लस आहे, तुम्ही शिकलेसवरलेले असून लोकांना अंधारात ठेवता. तुम्ही चहा बशीत ओतत शांतपणे म्हणायचात, "त्यास्नी देवी पायजे, बाई. मला त्यांचा दंड पायजे. दोघांचं भागतंय." आठवडाभर रोज संध्याकाळी ह्या घरात माझ्या स्वतःच्या पावलांखेरीज आवाज नसायचा. गुरुवारी तो वाद असायचा. तुम्ही गेलात की मी तासभर मनात तुम्हाला उत्तरं देत बसायचे. आता तशीच देते आहे.

दुखण्याचं तुम्ही मला सांगितलंच नाही. मी पाहिलं. स्टेशनाकडून माझ्या फाटकाशी येताना जरा चढ आहे. त्या चढाच्या मध्यावर तुम्ही थांबून आंब्याच्या झाडाकडे बघत उभे राहायचात. मला वाटायचं मोहर बघताहेत. मग लक्षात आलं की झाडाला मोहर नव्हता. आत आल्यावर विचारलं तर म्हणालात, "चढाला लागलं की छातीवर कोनीतरी पाटा ठेवतंय. थांबलं की काढून घेतंय. डावा हात बी जड हुतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"आणि आज सांगताय?"

"आज इचारलंत."

मी तुमची छाती ऐकली, नाडी धरली, पाऱ्याच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला. बसल्या जागी सगळं जवळजवळ ठीक होतं. ह्या दुखण्याची लबाडीच ती आहे. मी तुम्हाला समजावलं की सगळ्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं. ते आणणाऱ्या बारीक नळ्या तुमच्या आता अरुंद झाल्या आहेत. माणूस बसलेला असतो तोवर पुरतं. चढायला लागला की हृदय जास्त मागतं आणि नळ्या देऊ शकत नाहीत. तो पाटा म्हणजे हृदयाचं मागणं.

"मंग काय करायचं?"

"चढायचं नाही."

तुम्ही हसलात. मावळात राहणाऱ्या माणसाला चढू नका म्हणणं म्हणजे काय, ते मला पुण्याच्या सपाटीवरून आलेलीला तेव्हा नीट कळत नव्हतं. तुम्ही बोटांवर मोजत वाड्यांची नावं घेतलीत. एकही सपाटीवर नव्हती. आणि प्रत्येक नावापुढे तुम्ही सांगितलंत की तिथं नवा माणूस गेला की बाया पोरांना कणगीत लपवतात, आणि तुम्ही गेलात की नाही लपवत.

दोन गुरुवार मी 'नाही' म्हणत राहिले. तिसऱ्या गुरुवारी गोळी काढली.

चॉकलेटी रंगाची, बाजरीच्या दाण्याहून थोडी मोठी, चवीला गोडसर. विलायतेहून यायची. मी म्हटलं, ही चावून जिभेखाली धरायची, रक्तवाहिन्या सैल पडतात, दुखणं उतरतं. तुम्ही ती तळहातावर घेऊन विचारलंत की हिच्यात काय असतं. मी जरा घुटमळले आणि खरं सांगितलं: सुरुंगाच्या दारूत जे असतं तेच, अगदी कणभर.

मला वाटलं तुम्ही घाबराल. तुम्ही एकदम खुलून गेलात. तरुणपणी, इकडच्या धरणांची कामं चालू असताना, तुम्ही मजुरांच्या छावणीत देवी काढायला जायचात. खडक फोडणारे सुरुंगवाले तुमचे दोस्त. तुम्ही सांगू लागलात, "दर सोमवारी त्यांची डोकी फुटायची बघा. आठवडाभर काय न्हाई. ऐतवारची सुट्टी झाली की सोमवारी परत तेच. म्हून काईजण सुट्टीच्या दिवशी दारूचा कागद पागुट्यात खोचून हिंडायचे. सवय मोडू नये म्हून." असलं काहीतरी मी कॉलेजात एकदा ऐकलं होतं, विश्वास ठेवला नव्हता. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही गोळी तोंडात टाकलीत. दोन मिनिटांत तुमचं तोंड लाल झालं, कपाळावरची शीर उडायला लागली, आणि तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणालात, "व्हय बाई. सोमवारच हाय हा."

आपण दोघं हसलो, तसं हसणं त्या खोलीत पुन्हा झालं नाही.

पण गोळी दिली आणि झालं, असं मला करायचं नव्हतं. ही गोळी दुखणं आल्यावर घेतात ते मला माहीत होतं. चढायच्या आधीच घेतली तर काय होतं, ते मला स्वतः बघायचं होतं. म्हणून आपण कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर गेलो. दोन वेळा, आठ दिवसांच्या अंतरानं, सकाळची तीच वेळ, तुम्ही तसेच उपाशीपोटी. काशीबाई बरोबर होत्या. माझं पाऱ्याचं यंत्र त्यांनी टोपलीत घालून डोक्यावर घेतलं होतं. पहिल्या खेपेला गोळी न घेता. तुम्ही चढत होतात, मी मागून पायऱ्या मोजत होते. ऐंशीच्या आसपास तुम्ही थांबलात आणि मूठ छातीवर ठेवलीत. काशीबाईंनी टोपली खाली ठेवली. तुम्ही कधी घरी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याचा तो चेहरा त्यांनी तिथं पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या खेपेला गोळी चावून तीन मिनिटं थांबवलं. नाडी जरा जलद झाली, रक्तदाब उतरला. मग चढलात. ऐंशी झाल्या, नव्वद झाल्या, तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, बघू नका, चढा. शंभराच्या बऱ्याच पुढे गेल्यावर तुम्ही थांबलात. पाटा आला होता, पण उशिरा आला होता आणि हलका होता.

आपण तिघं पायरीवर बसलो. खाली मळवलीच्या बाजूनं मालगाडी घाटाकडे चालली होती. तुम्ही तिच्याकडे बोट करून विचारलंत, "घाटात गाडीला मागनं दुसरं इंजिन लावत्यात, तसं करती का ही गोळी?"

मी म्हटलं, "नाही आबा. इंजिन तेच, तेवढ्याच ताकदीचं. काही डबे सोडवले, एवढंच."

पुस्तकात लिहिलं होतं की हृदयाच्याच नळ्या रुंदावतात. मला माझ्या यंत्रावर दिसत होतं की सगळ्या अंगातल्या वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो आणि हृदयापुढचं काम कमी होतं. दोन्हीतलं किती खरं, ते मला आजही सांगता येत नाही. पण एक गोष्ट मी त्या पायरीवर तुम्हाला दोनदा सांगितली: हृदय बरं झालेलं नाही. दुखायची जागा थोडी वर सरकली आहे. ती अजून तिथंच आहे.

तुम्ही म्हणालात, "सरकली न्हवं? बास."

आपलं भांडण तेच होतं आणि ते तिथंच सुरू झालं. माझ्या मते गोळी घरी सुखरूप परतण्यासाठी होती. तुमच्या मते ती वरच्या वाडीला पोचण्यासाठी होती.

मी अटी घातल्या. चढणीआधी एक गोळी. दिवसातून एकच चढ. वर पोचल्यावर अर्धा तास बसायचं. एकट्यानं जायचं नाही. तुम्ही सगळ्याला व्हय म्हणालात. पुढचे सात-आठ महिने तुम्ही खरंच बरे दिसत होतात. जवळच्या गावांना काशीबाई तुमच्याबरोबर चालत असत, एवढं मला माहीत होतं. मला माझ्या गोळीचा, खरं सांगायचं तर, अभिमान वाटायला लागला होता. पाच पायऱ्यांचा, घडवंचीसारखा एक लाकडी जिना सुताराकडून करून घ्यावा आणि इतर रोग्यांनाही असंच चढवून बघावं, असं मनात होतं. तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "करा की. पयला मी चढतो."

मग तिकडे विलायतेत लढाई पेटली आणि तिकडची औषधं तुटायला लागली. पुण्याचा औषधवाला आधी निम्मं पाठवू लागला, मग लिहून पाठवलं की माल कधी येईल सांगता येत नाही. माझ्याकडे एक बाटली होती, तीही अर्धी. त्याच सुमाराला मला पवन मावळातून आलेल्या एका बाईकडून कळलं की तुम्ही एका दिवसात दोन-दोन वाड्या चढता. गोळीवर गोळी घेऊन. एकटे.

त्या गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा मी आधीच तापलेली होते. तुम्ही बसलाही नाहीत. तिकोणा पेठेच्या वर धनगरांची वाडी आहे, तिथं देवीचा एक रोगी निघाला होता, मोठा माणूस, बाहेरगावाहून आलेला. वाडीत अकरा पोरं. तुम्हाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

मी म्हटलं, "नाही. बोर्डाला कळवा, दुसरा माणूस पाठवतील."

"पाठवतील की. आठ दिसांनी. तवर?"

"त्या चढाबद्दल मी ऐकलंय, आबा. तुमचं हृदय तो चढ घेणार नाही."

"गोळी हाय न्हवं."

"गोळी म्हणजे नवं हृदय नाही! किती वेळा सांगू?"

तुम्ही अगदी हळू म्हणालात, "मंग तुमी चला संगं, बाई. तुमी माझी नाडी धरा. मी पोरांचं दंड धरतो."

तुम्ही खरंच विचारलं होतंत. मला आता कळतं. तेव्हा मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं की माझे रोगी आहेत, एक बाळंतीण अवघडलेली आहे, मला डोंगर चढत फिरायला वेळ नाही. बाळंतीण होती, हे खोटं नव्हतं. पण तिला आणखी चार दिवस होते, तेही मला माहीत होतं.

आणि मग मी म्हणाले, "मरायचं असेल तर खुशाल मरा. माझ्या गोळ्या घेऊन मरू नका."

तुम्ही हात पुढे केलात. मी बाटली उघडली. आबा, बाटलीत चाळीसच्या आसपास गोळ्या होत्या. मी मोजून सहा काढल्या, एका बारीक काचेच्या नळीत घातल्या आणि बूच लावून टेबलावर ठेवली. तुटवडा आहे, दुसरे दोन रोगीही ह्याच गोळीवर आहेत, असं मी म्हणाले. ते खरं होतं. पण सहाच का, त्याचं खरं कारण वेगळं होतं. त्या एका चढालाच तुम्हाला चार तरी लागतील, सहा असल्या म्हणजे दोनदा चढता येणार नाही, असा माझा हिशोब. मुलाला खाऊ मोजून द्यावा तसं मी तुम्हाला औषध मोजून दिलं. नळी उचलून तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी पाठ फिरवली.

सोमवारी कामशेतचा एक दुकानदार मलमपट्टीसाठी आला, त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की देवी-डॉक्टर गेले, शनिवारी सकाळी, तिकोणा पेठेत. बैलगाडीतून परंदवडीला आणलं, त्याच दिवशी सगळं झालंही. मला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. का यावं? मी तुमची कुणीच नव्हते. मी त्याची पट्टी पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी मी परंदवडीला गेले. काशीबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी समोर बसले, तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची गोळी नसती तर ते ह्या वट्यावरनं हलले नसते. दुखलं असतं, म्हून बसले असते. दुखणं तुमी काडून घेतलं."

भोवती बाया होत्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही. डॉक्टर म्हणून मला इतकंच माहीत होतं की त्या म्हणतात ते चूक असेलच असं नाही. दुखणं हाही एक पहारेकरी असतो. त्याला मी झोपवलं होतं.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शुक्रवारी तुम्ही देवी काढल्या. म्हणजे येत्या शुक्रवारी आठवा दिवस. त्या फुलल्या का हे बघायला कोण जाणार होतं?

मी गेले. दवाखान्याला कुलूप लावलं. त्या बाळंतिणीची सुटका आदल्याच दिवशी झाली होती. कामशेतहून बैलगाडी, मग पायी. तिकोणा पेठेतून एका माणसानं वाट दाखवली आणि मी चढायला लागले. आबा, तो चढ तुम्ही मला कमी करून सांगितला होतात. माझं हृदय धडधाकट आहे, तरी निम्म्यावर मी खडकाला धरून उभी राहिले.

वाडीत एक म्हातारी होती, बया नावाची. तिनं सगळी पोरं ओळीनं उभी केली. अकराच्या अकरा दंडांवर देवी फुलल्या होत्या, गोल, मध्ये खळगा पडलेल्या, तुम्ही सांगायचात तशा. मी एकेक दंड हातात धरून पाहिला. मग बयानं बोट वर केलं आणि म्हणाली, "अजून एक हाय. तितं, वरल्या खोपटात."

त्यावरून मला कळलं की तुम्ही दोनदा चढला होतात.

वाडीचं काम आटोपल्यावर तुम्ही दूध पिऊन बसला होतात. तेव्हा कुणीतरी सांगितलं की वर एक ओली बाळंतीण आहे, तिनं तान्हं लपवलंय. बया म्हणाली, "मी म्हनलं, आबा, तुमचं त्वांड उतरलंय, जाऊ नगा. तर म्हनले, उद्या परत चढायला जमायचं न्हाई मावशी, आजच जातो." तुम्ही पुन्हा चढलात. वाटेत तीनदा बसलात, तीनदा नळी काढलीत. वर जाऊन तुम्ही त्या पोरीला काही समजावलं नाहीत म्हणे. दाराबाहेर बसून राहिलात, दम खात. बराच वेळ. शेवटी तीच बाहेर आली, तुम्हाला पाणी दिलं, आणि तुमच्याकडे बघत राहिली. मग तिनंच बाळ आणून तुमच्या मांडीवर ठेवलं.

मी वर जाऊन ते बाळ पाहिलं. दीड महिन्याची मुलगी आहे. दंड धरला तर बोट बाहेर काढून माझ्या अंगठ्याला धरू लागली. देवी फुलली आहे.

खाली पेठेत मी ज्यांच्या ओसरीवर तुम्ही रात्रीला टेकला होतात त्या घरी गेले. घरधन्यानं जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे आणि तिसऱ्या कुणाला त्याचा अर्थ माहीत नाही. शनिवारी सकाळी तुम्ही चहा घेतलात, उन्हात बसलात. पोरांनी दंड खाजवू नये म्हणून वाडीवर निरोप द्या, असं सांगत होतात. बोलता बोलता थांबलात. छातीवर मूठ ठेवलीत. सदऱ्याच्या खिशातून काचेची नळी काढलीत, बूच उघडून तळहातावर उलटी केलीत. काही पडलं नाही. तुम्ही ती पुन्हा उलटी केलीत, ठोकलीत. मग नळी तशीच मुठीत धरून बसलात. घामानं निथळत होतात. पाव तास, तो माणूस म्हणाला. फार कण्हला नाहीत, पण एकदा म्हणालात, "सहाच हुत्या."

पाव तास, आबा.

मी डॉक्टर आहे. अशा झटक्यात ती गोळी बहुतेक उपयोगाची नसते, हे मला ठाऊक आहे. नळी आधीच बंद झालेली असते. तिथं सैल पडायला काही उरत नाही. हे मी दुसऱ्या कुणालाही शपथेवर सांगेन. स्वतःला सांगितलं तर ते 'बहुतेक' मध्येच अडकून बसतं. बाटलीत चौतीस गोळ्या होत्या आणि बाटली माझ्या कपाटात होती.

आणि एवढ्यावरही भांडण संपत नाही. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. तुम्ही दुसऱ्यांदा चढायला नको होतं. आणि चढला नसतात तर त्या मुलीच्या दंडावर आज काही नसतं, आणि वाडीतला तो देवीचा रोगी चार दिवसांमागे गेला, त्याच्या अंथरुणाची वाकळ त्या मुलीची आई पाणी भरते त्याच झऱ्यावर धुतली म्हणे. मी दोन्ही बाजूंनी बोलते आणि दोन्ही बाजूंनी हरते. तुम्ही असतात तर चहा बशीत ओतून काहीतरी दोन शब्दांत संपवलं असतंत. मी तेव्हा तुमच्याबरोबर आले असते तर, ह्या वाक्याचं पुढचं टोक मला सापडत नाही. तुम्ही बोलावलं होतंत. मला आजवर मावळात आजाऱ्याकडे सगळ्यांनी बोलावलं. बरोबर चला असं तुम्ही एकट्यानंच म्हटलं होतं.

दहाव्याला मी परंदवडीला गेले. काशीबाईंना सगळं सांगायचं ठरवून गेले होते, अकरा दंड, बारावं बाळ, दोन चढ, सहा गोळ्या, सगळं. त्यांनी मला मागच्या दारी नेलं, चुलीपाशी. मी दंडांचं सांगितलं. मुलीचं सांगितलं. ते दोनदा चढले, गोळीच्या जोरावर चढले, हेही सांगितलं. गोळी नसती तर कदाचित गेलेच नसते, तुमचं म्हणणं खोटं नाही, असंही म्हणाले.

काशीबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "माझा राग हाय तुमच्यावर, बाई. तो जायचा न्हाई इतक्यात."

मी म्हटलं, "हो."

"पर एक सांगते. हे आठ म्हैने ते मला संगं घेऊन हिंडले. एकट्यानं जायचं न्हाई असं बाईनं सांगितलंय म्हणायचे. लगीन झाल्यापास्नं ते म्होरं आन मी घरात, असंच. ह्या आठ म्हैन्यात सुदुंबऱ्यापतूर गेलो आमी, चालत. चढ आला की गोळी खायचे आन माझ्याशेजारी बसायचे. गोळी लागू पडंस्तवर बसावंच लागायचं न्हवं. तवा बोलायचे. इतकं बोललेलं मला ठावं न्हवतं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग तोंड चुलीकडेच ठेवून विचारलं, "तुमी तितं जाऊन आलात. लोक काय बी सांगत्यात. तुमी डाक्टर हाय, तुमी खरं सांगा. त्यास्नी शेवटाला लय दुखलं का वो?"

मी सहा गोळ्यांचं तिथं सांगणार होते, आबा. तोंडाशी आलं होतं. ते सांगितल्यावर माझं ओझं उतरलं असतं. आणि त्यांना जन्मभर ती रिकामी नळी दिसत राहिली असती.

"नाही," मी म्हटलं. "काहीच दुखलं नाही. बोलता बोलता गेले."

काशीबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, बराच वेळ, आणि मान डोलावली. मग तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात घातली, वर आमटी वाढली आणि म्हणाल्या, "खा. लांब जायचंय तुमाला."

त्या समोर बसून होत्या, म्हणून मी खात राहिले. सगळी भाकरी संपवली आणि मगच उठले.